चोविसावे बूच

फडोळसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आम्हा दोघांच्या मध्ये टेबलावर एक करड्या पत्र्याचा डबा होता आणि त्यावर हिरवा दिवा लागलेला होता. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. मी सिन्नरची, नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत मुलाखतीला आले होते. चाचणी विभागाचे प्रमुख श्री. केशवराव फडोळ समोर बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, कपाळावर बारीकसा गंध. त्यांनी प्रश्न एकच विचारला, "उगलेबाई, हे मॉड्यूल चालू आहे का?"

मी हिरव्या दिव्याकडे पाहिले आणि "हो" म्हणाले. त्यांनी डबा उलटा करून झाकण काढले. आत बॅटरीचा एक सेल आणि त्याला जोडलेला तो दिवा, एवढेच होते. बाकी डबा रिकामा.

"तुम्ही काय बघून हो म्हणालात?"

"फक्त दिवा बघितला, साहेब."

संपले, आता सिन्नरची जीप पकडावी, असे मला वाटले. पण साहेब म्हणाले, "बरं झालं खरं सांगितलंत. तुमच्या आधीचे तिघं आतून आवाज येतोय, डबा गरम लागतोय, असं काय काय सांगून गेले." आणि त्यांनी मला कामावर घेतले. खरे बोलले म्हणून मला ती नोकरी मिळाली, हे वाचकांनी पुढे वाचताना ध्यानात ठेवावे.

साहेबांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी समितीने मला त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे. अंकाच्या वाचकांमध्ये साहेबांचे मखमलाबादचे भाऊबंद असतील, ज्यांना ते झेंडू आणि शेवंती पिकवणाऱ्या घरातले थोरले भाऊ म्हणून ठाऊक आहेत. तेव्हा आम्ही नेमके काय करत होतो ते आधी सांगते.

मोठ्या कारखान्यात एक यंत्र इकडे असते आणि दुसरे पार अर्धा किलोमीटर तिकडे. टाकी भरत आली हे टाकीजवळ कळते, पण पंप बंद करायचा असतो तो दुसऱ्या टोकाला. मध्ये असते कंट्रोल रूम. या सगळ्यांमध्ये निरोप पोहोचवण्याचे काम आमचे मॉड्यूल करीत असे. त्याला दोन लाइनी असत, एक रोजची आणि एक राखीव. रोजची तुटली तर मॉड्यूलने आपण होऊन राखीव लाइनीवर जायचे. दोन्हीकडून काहीच ऐकू आले नाही तर चार सेकंद वाट पाहायची आणि पंप बंद करून टाकायचा. निरोप आला नाही म्हणजे काहीतरी बिघडले आहे असे धरून चालायचे, ही त्यातली मूळ गोष्ट. साहेब म्हणत, "घरातलं माणूस वेळेवर आलं नाही तर आपण काय समजतो? मजेत असेल असं समजून झोपतो का?"

पण निरोप्याच आजारी असला तर? म्हणून मॉड्यूल स्वतःची तपासणी स्वतः करी. वीज आली की आधी सगळे दिवे एकदम लावून दाखवी, म्हणजे गेलेला दिवा बघणाऱ्याच्या ध्यानात यावा. मग स्वतःच्या स्मृतीत काही आकडे लिहून परत वाचून बघे. मग आपला कार्यक्रम, म्हणजे आत लिहून ठेवलेल्या सूचना, शाबूत आहेत ना, हे बेरीज जुळवून बघे. आत एक पहारेकरीही बसवलेला असे. कार्यक्रम ठरावीक वेळाने त्याला टिचकी मारी. टिचकी चुकली की पहारेकरी सगळे मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेवटी मॉड्यूल लाइनीवर हाक मारी आणि उत्तर आले तरच हिरवा दिवा लावी. राखीव लाइनीवर एरवी काही काम नसे, तरीही दर काही मिनिटांनी तिच्यावर हाक मारून बघण्याची सोय साहेबांनी करून घेतली होती. पडून असलेली वस्तू ऐन वेळी दगा देते, हे त्यांचे शेतकऱ्याच्या घरातले शहाणपण.

कंपनीत चाचणी घेताना पलीकडे उत्तर द्यायला कोणी नसे. म्हणून आम्ही लाइनीच्या जागी एक छोटे बूच लावत असू. बाहेर जाणारी तार त्या बुचातून वळून परत आत येई. मॉड्यूल हाक मारी, तीच हाक त्याला ऐकू येई, आणि आपले बोलणे-ऐकणे ठीक आहे एवढे त्याला कळे. रोजच्या लाइनीचे बूच डब्याच्या बाहेर लागे. राखीवचे मात्र आत, झाकणाखाली. झाकण बसवण्याआधी ते काढायलाच हवे, कारण स्क्रू आवळल्यावर ते कोणाला दिसणार नाही.

साहेबांना हा धोका पक्का ठाऊक होता. म्हणून त्यांनी विभागात चोवीस बुचे ठेवली होती, पंचविसावे नाही. ती सगळी एका लाकडी पेटीत. माल बाहेर पडण्याआधी बुचे मोजायची, आकडा वहीत लिहायचा. चोवीस भरली नाहीत तर एकही खोके दाराबाहेर जायचे नाही. एकदा तेवीस भरली तेव्हा मालकांची गाडी दारात उभी असताना साहेबांनी बांधलेली अकरा खोकी फोडायला लावली. बूच निघाले ते आमच्या एका सहकाऱ्याच्या अॅप्रनच्या खिशातून. सगळे हसले. साहेबही हसले, पण नियम काही सैल झाला नाही.

त्यांच्या मायेविषयी लिहायचे तर फार लिहिता येईल. माझे वडील सिन्नरला शिवणकाम करीत. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि घरात मिळवती मी एकटी उरले, पाठीवर दोन बहिणी. एसटीचा संप झाला तेव्हा साहेबांनी मला नऊ दिवस मखमलाबादला आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांच्या पत्नी मंगलाताई पहाटे फुले तोडून यायच्या आणि मला उठवायच्या आधी माझा डबा भरून ठेवायच्या. संप मिटल्यावर निघताना त्यांनी मेथीच्या चार जुड्या पिशवीत कोंबल्या, वर म्हणाल्या, "आईला म्हणावं, पोरगी तुमची खाते कमी आणि लाजते जास्त." वडिलांना देवळाली कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे दाखवायला साहेब स्वतः स्कूटरवर बसवून घेऊन गेले होते. मला त्यांनी रजासुद्धा घेऊ दिली नाही, म्हणाले, "तुम्ही काम करा, त्यांना मी नेतो. डोळ्यांचं तुम्हाला काय कळतं?"

एवढे लिहून थांबले असते तर लेख चांगला झाला असता. समितीनेही आनंदाने छापला असता.

परंतु या अंकासाठी आलेले दोन लेख मी वाचले. दोघेही लेखक साहेबांचे चाहते आहेत, मनाने निर्मळ आहेत. दोघांनीही फार हळुवारपणे लिहिले आहे की, साहेबांच्या निष्कलंक कारकिर्दीत एकच चूक झाली आणि ती त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली. कंपनीतल्या सगळ्यांची आजवर हीच समजूत आहे. ती चूक साहेबांची नव्हती. माझी होती.

आमच्या विभागात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई. साहेब सकाळी घरच्या झेंडूची पोती घेऊन येत आणि आम्ही मीटरना, सोल्डरिंगच्या स्टँडना, टेबलांना माळा बांधत असू. बुचांच्या पेटीलाही कुंकू लागे, तिच्यासमोर नारळ ठेवला जाई. पूजेला लागलेले हत्यार दसऱ्याचे सोने वाटून झाल्याशिवाय उचलायचे नाही, हा साहेबांच्या घरचा शिरस्ता. तो त्यांनी विभागातही आणला होता आणि आम्हालाही तो आवडे. त्या निमित्ताने वर्षातून एकदा टेबल नीट पुसले जाई.

त्या वर्षी एका साखर कारखान्याची ऑर्डर होती. गळीत हंगाम तोंडावर आलेला, माल त्याच दिवशी निघायचा होता. सात मॉड्यूल बांधून झाली होती, आठवे माझ्या टेबलावर चाचणीला लागले होते. तेवढ्यात आरतीची हाक आली. मी तशीच उठून गेले. आरती, प्रसाद, हळदीकुंकू. परत आले तेव्हा मॉड्यूलवर दोन्ही लाइनींचे दिवे हिरवे दिसत होते. मी बाहेरचे बूच काढून नेऊन पेटीजवळ ठेवले, झाकण बसवले, स्क्रू आवळले. आतले बूच आतच राहिले.

मग वही उघडली. बुचांचा आकडा लिहायचा होता. पेटी झेंडूच्या माळेखाली, कुंकू-अक्षता घेऊन, नारळापुढे बसलेली. तिला हात कसा लावणार? आणि चोवीसच असणार, असायचीच. मी चोवीस लिहिले. साहेब सही करायला आले, त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, "उगलेबाई, बुचं?"

"चोवीस, साहेब."

त्यांनी सही केली.

दसऱ्यानंतर पेटी उघडली तर बाहेर ठेवलेले धरूनही तेवीस. टेबलाखाली पाहिले, कपाटामागे पाहिले. मग माझे मीच ठरवून टाकले की बूच निर्माल्यात गेले असणार. फुले पोत्यात भरून साहेबांनी शेतात खताला नेली होती, तेव्हा आता ते कुठे सापडायचे! हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले की मला ते दिसूही लागले, झेंडूच्या ढिगात पडलेले बूच. साहेबांना एका शब्दाने सांगितले असते तर त्यांनी त्याच दिवशी आठही खोकी उघडायला माणूस पाठवला असता. मी दुपारच्या सुट्टीत पिवळ्या तारेचा तुकडा घेतला आणि नवे बूच तयार करून पेटीत टाकले. झाली चोवीस.

तीन महिने काही झाले नाही. रोजची लाइन धड होती, राखीव लाइनीची गरज पडली नाही. मॉड्यूल दर काही मिनिटांनी राखीव लाइनीवर हाक मारी, आपलीच हाक ऐकी आणि समाधानाने हिरवा दिवा चालू ठेवी. बसवणाऱ्यांनी तो दिवा पाहिला, कारखान्याच्या लोकांनी पाहिला. मुलाखतीच्या दिवशी मी जे पाहिले होते तेच सगळ्यांनी पाहिले.

मग हंगामाच्या भरात उंदराने रोजची लाइन कुरतडली. पंपाजवळचे आमचे मॉड्यूल राखीववर गेले. त्याने विचारले, कोणी आहे का? त्याला स्वतःचाच प्रश्न ऐकू आला आणि तेच उत्तर समजून त्याने पंप चालू ठेवला. कंट्रोल रूममध्ये घंटा वाजत होती. तिथले ऑपरेटर रघुनाथ शेळके पंप हाताने बंद करायला धावत गेले. ते टाकीखाली पोहोचले आणि वरून उकळता रस उतू आला. डावा हात, खांदा आणि बरगड्यांची एक बाजू भाजली. जीव वाचला.

मॉड्यूल परत आले ते साहेबांनी माझ्यासमोर उघडले. विभागात आम्ही दोघेच होतो. राखीव लाइनीवर पांढऱ्या तारेचे बूच बसलेले होते. साहेबांनी ते काढून हातात धरले. मग पेटी घेतली, सगळी बुचे टेबलावर ओतली, मोजली. चोवीस. हातातले पंचविसावे. तेवीस पांढरी, एक पिवळे. पिवळे त्यांनी उचलून उजेडात धरले.

"हे तुमच्या हातचं ना? सोल्डरिंग चांगलं आहे," ते म्हणाले.

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मी रडले, मालकांना जाऊन सांगते म्हणाले. साहेबांनी मला बसायला सांगितले. ते म्हणाले, "पेटीला हात लावायचा नाही हे कोणी सांगितलं होतं? मी. न बघता सही कोणी केली? मी. तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. आता ऐका. आपली साठ-पासष्ट मॉड्यूल बाहेर लागली आहेत. एकेक उघडून बघितलं पाहिजे, आजपासून. आपण दोघं घरी बसलो तर ते कोण करणार? एवढं संपवा. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

मालकांचे म्हणणे होते, उंदराने लाइन तोडली, त्यात आपला काय दोष? तसे पत्रही टाइप करून ठेवले होते. साहेबांनी ते पाठवू दिले नाही. ते म्हणाले, "लाइन तुटली तर पंप बंद पडेल, असं सांगूनच आपण ते विकलं होतं." स्वतः अहवाल लिहिला. "अंतिम तपासणी माझी, चूक माझी", खाली त्यांची सही. त्या वर्षी ते आमच्या कंपनीचे व्यवस्थापक व्हायचे होते, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होते. त्याऐवजी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. नट-बोल्ट आणि तारांची रिळे देण्याघेण्याचे काम.

मी गावोगाव फिरले. वणीच्या वाटेवरची एक डेअरी, सिन्नरचे दोन कारखाने, पार नगर-धुळ्यापर्यंत. सगळी मॉड्यूल उघडून पाहिली. कुठेही बूच नव्हते. पाच महिन्यांत ते काम संपले. आता बोलायचे होते.

मी बोलले नाही. अहवाल पाठवून साहेबांनी मला वाचवले तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते, हे लिहिताना लाज वाटते. वडिलांची औषधे, बहिणीचे ठरत आलेले लग्न, ही कारणे खरी होती. पण वडील गेले, दोन्ही बहिणींची लग्ने झाली, कारणे संपली, तरी मी गप्पच. सवय झाली. साहेब रोज भेटत, स्टोअरच्या खिडकीतून "काय उगलेबाई, बरं ना?" म्हणून विचारत. त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही.

त्या खिडकीत बसून त्यांनी एक मोठे काम केले आणि त्याचे श्रेयही माझ्याच पदरात पडले. ते इथे नोंदवते. मॉड्यूलने आपल्याच आवाजाला उत्तर समजू नये म्हणून काय करावे, हे त्यांनी स्टोअरच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने लिहून काढले. प्रत्येक हाकेत हाक मारणाऱ्याचे नाव घालायचे. ऐकू आलेल्या हाकेत स्वतःचेच नाव निघाले तर ते उत्तर धरायचे नाही, उलट लाइन बिघडली असे समजून तांबडा दिवा लावायचा. चाचणीतल्या बुचासाठी वेगळी सोय. ती चाचणी संपताच आपोआप बंद. आज ऐकताना ही साधी गोष्ट वाटते. त्या चिठ्ठ्या त्यांनी माझ्या हातात ठेवल्या, "बघा जमतं का," एवढेच म्हणाले. मी त्याप्रमाणे कार्यक्रम बदलला. मालकांनी सर्वांसमोर माझे कौतुक केले, शाल दिली. साहेब मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. नंतर चाचणी विभागाची प्रमुख म्हणून मला त्यांच्याच खुर्चीवर बसवण्यात आले. खुर्चीच्या हातावर त्यांच्या टेस्टरने पडलेला एक ओरखडा होता. मी त्यावर कागद चिकटवून टाकला होता.

पुढे बाहेरून स्वस्त माल येऊ लागला आणि कंपनी बंद पडली. आज त्या शेडमध्ये खोक्यांचे गोदाम आहे. साहेब स्टोअरचे कारकून म्हणूनच निवृत्त झाले. गेल्या वर्षी मंगलाताई गेल्या. दुखवट्याला गेले तेव्हा घर फुलांनी भरलेले होते, बाजारात न गेलेल्या फुलांनी, कारण तोडलेली फुले गाडीत भरायची कोणाला शुद्ध नव्हती. तेव्हाही मला बोलता आले नाही. साहेबांना आता दम लागतो, बांधापर्यंत जाऊन यायलाही दोनदा बसावे लागते.

लेखाचे पत्र आले तेव्हा मी मखमलाबादला गेले आणि त्यांना सांगितले की, मी खरे ते लिहिणार आहे. ते विहिरीजवळच्या शेडमध्ये बाजेवर बसले होते. ते "लिहू नका" म्हणतील, अशी माझी खात्री होती. खरे सांगायचे तर थोडी आशाही होती. ते म्हणाले, "लिहा. पण आधी रघुनाथकडे जाऊन या. छापलेलं वाचून त्यांना कळावं हे बरोबर दिसत नाही."

मला त्यांचा पत्ताही ठाऊक नव्हता. साहेबांना पाठ होता.

मागच्या रविवारी मी निफाड तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेले. रघुनाथभाऊ आता कारखान्याच्या फाटकावर राखणीला असतात. ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितले, फडोळसाहेबांबरोबर कामाला होते म्हणाले. त्यांनी मला नीट निरखले आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "अगं, चहा टाक. त्या बाई आल्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"नाव नाय म्हाईत. साहेब दर वर्साला येत्यात, गळीत सुरू व्हायच्या आधी. पयल्या वर्साला म्हनले चूक माझी हाय. म्या म्हनलं, साहेब, तुमच्याकडं बघून तसं वाटत नाय. तवा गप बसले. मंग म्हनले, कागदावर माझं नाव हाय, ते ऱ्हाऊ द्या. ज्यांच्याकडून झालं त्या येतील, त्या सोता सांगतील. म्हंजे बाई हाय, एवढं मला कळलं." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "अकरा वर्सं झाली."

"हो."

"लय उशीर केला तुमी, बाई."

चहा आला. त्यांनी कप उजव्या हाताने घेतला आणि बशी गुडघ्यावर ठेवली, कारण डाव्या हाताची बोटे उघडत नाहीत. त्या हाताने त्यांना म्हशीची धार काढता येत नाही, लेकीच्या लग्नात अक्षताही एकाच हाताने टाकाव्या लागल्या, असे त्यांच्या पत्नीने दारात उभ्या राहून सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कोणालातरी हे सांगायचे राहिले होते, तसे त्या बोलत होत्या.

मग रघुनाथभाऊंनी विचारले, "मला एक सांगा. त्या डब्यात म्हनं सगळी तपासनी व्हती. मंग त्याला कळलं कसं नाय?"

मी त्यांना सगळे सांगितले, जसे साहेबांनी मला शिकवले होते तसे. दिवे, स्मृती, पहारेकरी, हाक आणि उत्तर. बूच आत राहिले म्हणून डब्याला आपलाच आवाज ऐकू येत राहिला आणि पलीकडे कोणीतरी आहे असे तो समजत राहिला. खंडेनवमीची पेटी सांगितली, पिवळी तारही सांगितली.

"म्हंजे डब्याची चूक नाय," ते म्हणाले.

"नाही. माझी."

"बरं," ते म्हणाले, आणि थंड झालेला चहा प्यायले. माफ केले असे ते म्हणाले नाहीत, मीही मागितली नाही. निघताना ते अंगणाच्या कडेपर्यंत आले आणि साहेबांची तब्येत विचारली. मी दम्याचे सांगितले. त्यांना हे ठाऊक नव्हते. एवढेच ऐकून त्यांचे डोळे भरून आले, माझ्या सगळ्या हकिगतीने भरले नव्हते.

समितीला माझी विनंती आहे की, या लेखातली एकही ओळ गाळू नये. ज्या दोघा मित्रांनी त्या "एका चुकी"विषयी लिहिले आहे त्यांनी आपापल्या लेखातले ते वाक्य काढून टाकावे. ज्यांनी साहेबांना व्यवस्थापकाच्या खुर्चीवर पाहिले नाही म्हणून हळहळ केली, त्यांनी माझ्याकडे बघून ती करावी. समारंभाला मी येणार आहे. कोणाला काही बोलायचे असेल तर तिथे बोलावे.

आणि साहेब, तुम्हाला. शुभेच्छा देण्याचा अधिकार मला किती आहे ते मला ठाऊक नाही, पण लेखाच्या शेवटी त्या द्यायच्या असतात आणि माझ्या इतक्या मनापासून इथे कोणाच्याच नसतील. तुम्ही खूप जगा. दम्याचा पंप खिशात ठेवत जा, बांधावर एकटे जाऊ नका. रघुनाथभाऊंनी सांगितले आहे की या वेळी गळीत सुरू होण्याआधी आपण दोघांनी यावे. "साहेबांना एकटं पाठवू नका, तुमी संगं या," हे त्यांचे शब्द. अकरा वर्षे तुम्ही माझ्या वाटणीचे एकटे जात होता. या वर्षी मी गाडी घेऊन येते. तुम्ही फक्त तयार राहा.

सुलभा उगले